पुलीची झीज



जुन्या आडांच्या काठांना दोरांनी पाडलेल्या खाचा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. काठ काळ्या पाषाणाचा, दोर अंबाडीचा. तरी झिजतो तो पाषाण. पिढ्यान्‌पिढ्या पाहत आल्यामुळे याचे नवल आता कोणाला वाटत नाही. पण हाच प्रकार मोटारीच्या इंजिनातही घडतो असे सांगितले, तर ऐकणारा क्षणभर थबकतो. इंजिनाच्या पुढच्या टोकाला एक पुली असते. बैलगाडीच्या चाकाला मधोमध जसा तुंबा असतो तसा या पुलीलाही असतो, आणि त्या तुंब्याभोवती रबराचे एक कडे बेताने टेकलेले असते. त्याला सगळीकडे ऑइल सील म्हणतात. पुली फिरत राहते, रबर जागच्या जागी राहते, आणि कालांतराने पोलादाच्या अंगावर खाच पडते ती रबरामुळे. ही खाच घरच्या घरी कशी ओळखावी आणि तिच्यावर काय इलाज करावा, याविषयी आज दोन शब्द बोलायचे आहेत.

ध्वनीच्या माध्यमातून चित्र दाखवता येत नाही, म्हणून रचना शब्दांनीच उभी केली पाहिजे. आपल्या देशातील सर्वांच्या परिचयाची गाडी घेऊ: अ‍ॅम्बॅसडर. मूळची इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्ड. १९५७ पासून ती कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे अ‍ॅम्बॅसडर या नावाने तयार होऊ लागली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तिच्या दीर्घ आयुष्याचा मोठा भाग जे इंजिन तिच्यात होते, ते १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन. त्या इंजिनाचा क्रँक, म्हणजे मुख्य दंड, पुढच्या बाजूने जेथे बाहेर डोकावतो तेथे ही पुली बसवलेली असते. एका अर्धचंद्राकृती चावीने ती दंडाशी जखडलेली असते आणि पुढून एका मोठ्या नटाने आवळलेली असते. हाच तो नट, ज्यात पूर्वी हँडल घालून गाडी सुरू करीत. पुलीच्या घळीतून एक रबरी पट्टा जातो. तो पाण्याचा पंप, पंखा आणि वीज निर्माण करणारा डायनामो फिरवतो. तुंबा मात्र पत्र्याच्या एका झाकणात शिरलेला असतो. झाकणाच्या आत तेल आहे, बाहेर रस्त्याची धूळ आहे. आणि दोहोंच्या सरहद्दीवर तो रबरी ओठ पहारा करीत बसलेला असतो.

या पहाऱ्यातच झिजेचे मूळ आहे. रबर स्वतः पोलादाला ओरखडा काढू शकत नाही. परंतु बाहेरची बारीक वाळू आणि जुन्या तेलातील जळकट कण त्या ओठात रुतून बसतात, आणि मग तो ओठ कानशीसारखे काम करू लागतो. शिवाय तो टेकतो ती जागा कधी बदलत नाही. या गाडीचे इंजिन एक किलोमीटर जाताना, वरच्या गिअरमध्येही, दोन हजारांहून अधिक फेरे घेते. लाख किलोमीटरचा हिशेब केला, तर तुंब्याच्या त्याच एका वर्तुळावरून ओठ वीस कोटींहून अधिक वेळा घासला गेला असे होते. इतक्या घासण्यानंतर पडलेली खाच जेमतेम मिलिमीटरभर रुंद असते आणि खोली तर मिलिमीटरच्या अंशांत सांगावी लागते. पण तेलाला तेवढी वाट पुरते.

आता एवढ्याशा थेंबाकरिता इतका खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. सुरुवातीला गाडीखाली रुपयाएवढा डाग पडतो, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. पुढे तेच तेल फिरणाऱ्या पुलीवरून पट्ट्यावर उडते. तेलकट पट्टा घसरतो; घसरला की पाण्याचा पंप मंदावतो, इंजिन तापते, बॅटरी पुरेशी भरत नाही. मालक रेडिएटरला दोष देतो, बॅटरी बदलतो, आणि दोन्ही खर्च करून झाल्यावरही गाडी चढावर वाफ सोडतच राहते. त्यात जुन्या गाडीला कायद्याचीही एक घटिका भरत असते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी गाडी तपासून घेऊन तिचे नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ रोजी त्याचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर नेण्यात आले. सरकारी वाहनांना तर एवढीही सवलत उरली नाही. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी संपुष्टात आणण्यात आली.

आम्हा सरकारी नोकरांच्या शब्दकोशात ‘निर्लेखन’ नावाचा एक शब्द आहे. वस्तू जुनी झाली, मोडली, निकामी ठरली, की समितीच्या सहीने तिचे निर्लेखन होते आणि नोंदवहीतून तिचे नाव जाते. शब्द सोयीचा आहे, हिशेबाला आवश्यकही आहे. परंतु निर्लेखन होते ते सबंध वस्तूचे, आणि झीज होते ती तिच्यातील एका रेषेची. ज्या पुलीविषयी मी बोलत आहे तिचे वजन, तिची घळ, तिची चावीची खाच, तिच्या काठावरची वेळ जुळवण्याची खूण, सारे काही शाबूत असते. निकामी झालेले असते एक मिलिमीटर रुंदीचे वर्तुळ. तेवढ्यासाठी सगळी पुली भंगारात घालावी काय, हा प्रश्न निदान विचारून तरी पाहावा, असे मला वाटते.

हा प्रश्न मला प्रत्यक्ष पडला तो बंगळुरात. वडिलांनी १९८४ साली घेतलेली अ‍ॅम्बॅसडर माझ्याकडे आहे, आणि बदलीच्या निमित्ताने मी या शहरी आलो तेव्हा तीही आली. तिच्या नोंदणीचे नूतनीकरण तोंडावर आले असताना पुढून तेल गळू लागले. एका कारखान्यात दोनदा सील बदलून झाले आणि दोन्ही वेळा महिन्याभरात गळती परत आली. तेव्हा तेथील सल्ला पडला, की इंजिन थकले, आता गाडी काढून टाका. मी गाडी घरी आणली आणि एका रविवारी स्वतःच उघडली.

येथे या शहराविषयी थोडे सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही, कारण हे काम बंगळुरात जितके सुलभ होते तितके फार थोड्या ठिकाणी होत असेल. मराठी माणसाचे या शहराच्या यंत्रविद्येशी नाते जुने आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे आपल्याला परिचित असलेले विश्वेश्वरय्या १९३५ च्या सुमारास मोटारीचा कारखाना देशात व्हावा म्हणून युरोप-अमेरिकेचा दौरा करून आले. त्यांच्या या योजनेत सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी मन घातले. मोटारीला सरकारचे साह्य मिळेना. पण म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने वालचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये याच शहरात विमानांचा कारखाना उभारला. तोच आजचा हिंदुस्थान एरोनॉटिक्स. मोटारीचा कारखाना त्यांनी पुढे मुंबईस, प्रीमियर या नावाने काढला. बंगळुरात विमानांमागोमाग टेलिफोनचा कारखाना १९४८ साली आला आणि १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. या मोठ्या कारखान्यांतून शिकलेले कामगार बाहेर पडले, त्यांनी गल्लोगल्ली एकेक लेथ मांडला. पीण्याची औद्योगिक वसाहत तर प्रसिद्धच आहे, परंतु जे. सी. रोडवर सुट्या भागांच्या दुकानांमागे आणि कलासिपाळ्याच्या बोळांतूनही ही विद्या पसरलेली आहे.

गाडी उघडण्याआधी निदान नीट करावे. पुढून गळणाऱ्या तेलाला तीन कारणे असू शकतात, आणि पुलीची झीज हे त्यांतील एकच. पहिले, इंजिनाच्या पोटातील वाफ बाहेर जाण्याची नळी तुंबलेली असणे. अशा वेळी आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो, आणि दुरुस्ती काय, तर नळी साफ करणे. दुसरे, सील फाटलेले, कडक झालेले किंवा वाकडे बसलेले असणे. तिसरे कारण पुलीचे. नवे सील घालूनही गळती थांबत नसेल, तर संशय पुलीवर जावा. पुष्कळ मेस्त्री येथेच चुकतात. सील दिसायला रबराचे, म्हणून दोष त्याचा. पुली पोलादाची, म्हणून ती निर्दोष, असा काहीसा त्यांचा न्याय असतो.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची तार सोडवावी. रेडिएटर उतरवल्याखेरीज पुढे हात नीट पोचत नाही, म्हणून त्यातील पाणी काढून तो बाजूला ठेवावा. पाण्यात शीतक मिसळलेले असेल तर ते उघड्या भांड्यात राहू देऊ नये. त्याची चव गोड असते, गल्लीतली कुत्री ते पितात आणि मरतात. पट्टा सैल करून काढला, की नटाची पाळी. त्याखालच्या वॉशरची दुमडलेली कड आधी सरळ करावी. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून हातब्रेक पक्का ओढावा, मागच्या चाकांना दगड लावावे, आणि लांब दांडीच्या पान्याने नट उलटा फिरवावा. पाना चासीला अडकवून स्टार्टरचा एक झटका देण्याची युक्ती कोणी सांगेल. ती चालते हे खरे. आणि पाना निसटला तर तो कोणाच्या मनगटावर जाईल हे कोणी सांगत नाही. ती युक्ती ज्याची त्याला लखलाभ असो!

नट निघाल्यावर पुली ओढण्याची घाई करू नये. पुली पत्र्याची असेल, तर तिच्या काठाला पुलर लावून ओढल्यास काठ वाकतो आणि मग पट्टा जन्मभर डुलत राहतो. तुंब्याच्या मागे दोन्ही बाजूंनी दोन सपाट तरफा घालून थोडे-थोडे, समान रेटत गेले म्हणजे ती सुटते.

पुली हातात आली की रॉकेलने पुसून उजेडात धरावी. तुंब्यावर एक चकचकीत वर्तुळ दिसेल. दिसणे पुरेसे नाही. त्यावरून अंगठ्याचे नख आडवे फिरवावे. नख सहज सरकले तर तो केवळ डाग आहे, बारीक पॉलिश कागदाने जातो. नख अडले तर खाच आहे. माझे नख अडले. मायक्रोमीटरने पाहिले तेव्हा न झिजलेल्या भागापेक्षा खाचेतला व्यास दोन दशांश मिलिमीटरने कमी भरला.

त्याच वेळी बाकीची झीजही तपासून घ्यावी. पट्ट्याची घळ इंग्रजी व्ही अक्षरासारखी असते, आणि पट्टा तिच्या तळावर कधीच टेकता कामा नये. तो दोन उतरत्या बाजूंमध्ये पाचरीसारखा रुतून बसतो. या पाचरीमुळेच त्याची पकड सपाट पट्ट्याच्या मानाने सुमारे तिप्पट होते. घळीचा तळ आरशासारखा चमकत असेल, तर बाजू झिजून पट्टा तळाला लागला आहे असे समजावे. बिडाची पुली असल्यास लेथवर बाजू पुन्हा छाटता येतात. पत्र्याची असल्यास ती बदलावी. चावीची खाच रुंदावली असेल आणि पुली दंडावर खुळखुळत असेल, तर प्रश्न क्रँकपर्यंत पोचला आहे आणि घरगुती उपाय तेथे संपतात. काही अलीकडच्या गाड्यांत पुलीचे आतले आणि बाहेरचे कडे मध्ये रबर भरून जोडलेले असते. ते रबर सुटले, तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये. नवीच पुली घ्यावी. काटकसरीलाही मर्यादा असते.

राहता राहिली तुंब्यावरची खाच. तिला चार मार्ग आहेत. सर्वांत सोपा असा, की नवे सील झाकणात एक-दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवायचे. म्हणजे ओठ ताज्या, अखंड पोलादावर टेकतो. बसवण्याच्या जागेत तेवढी मोकळीक असेल तर हा मार्ग फुकटचा आहे, आणि दोनदा सील बदलणाऱ्यांना तो सुचू नये याचे मला अजून नवल वाटते. माझ्या झाकणात मात्र मोकळीक नव्हती. दुसरा मार्ग तयार बाहीचा. अतिशय पातळ, सुमारे पाव मिलिमीटर जाडीची गंजरोधक पोलादाची नळी मिळते. खाचेत धातूचे लांबण भरून ती नळी तुंब्यावर सरळ ठोकून बसवतात. ती इतकी पातळ असते की मूळ मापाचे सीलच चालते. घरी काम संपवणाऱ्याला हा मार्ग उत्तम; बेअरिंगच्या मोठ्या दुकानात आपला व्यास सांगून विचारावे. तिसरा मार्ग वेल्डिंगने धातू चढवून पुन्हा छाटण्याचा. उष्णतेने तुंबा वाकण्याची भीती असल्याने मी तो कोणाला सुचवणार नाही.

मला हव्या त्या मापाची बाही त्या आठवड्यात मिळाली नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांची मापे इंचांतली असतात, हे त्याचे कारण. तेव्हा मी चौथ्या मार्गाने गेलो, आणि पुली पिशवीत घालून कलासिपाळ्यापलीकडच्या एका बोळात शिरलो. दुकान आठ फुटी, आत एक वयस्क टर्नर आणि एक लेथ. लेथच्या बिडाच्या अंगावर किर्लोस्कर ही अक्षरे उठून दिसत होती. हे यंत्र हरिहरचे. किर्लोस्करांनी १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहरला कारखाना घातला आणि तेथे लेथ घडवले. बेळगावात सायकलच्या दुकानापासून आरंभ करणाऱ्या लक्ष्मणरावांच्या घराण्याचे नाव परप्रांतातील अरुंद बोळात अशा रीतीने भेटावे, याचा मला झालेला आनंद मी लपवला नाही. टर्नरने मात्र त्याकडे लक्ष दिले नाही; तो पुली बोटांनी चाचपत होता.

“सार, यह पुली खराब नहीं है,” तो म्हणाला. “नयी लाएँगे तो वो भी इधरीच घिसेगी.” मग खाचेवर नख ठेवून त्याने विचारले, “सील किधर है?” सील मी बरोबर नेले होते. तुंब्याबरोबर सीलही न्यावे, कारण शेवटचे माप कागदावर नव्हे, त्या ओठाच्या संदर्भात ठरते. त्याने तुंबा थोडा छाटला, पोलादी कडे बनवले, आणि ते कडे शेगडीवर तापवून तुंब्यावर सरकवले. येथे हाताला चपळाई लागते. चाळीस मिलिमीटर व्यासाचे कडे दोनशे अंशांपर्यंत तापवले तरी एक दशांश मिलिमीटरहूनही कमी फुगते. तेवढ्या सवलतीत ते पुरते आत गेले पाहिजे, अर्ध्यावर थंड झाले की तेथेच बसले. ते गेले. थंड झाल्यावर ते तुंब्याला असे आवळून बसले की जोड शोधू म्हटले तरी दिसेना. नंतर लेथवर ते मूळ व्यासावर आणले.

एक बारकावा त्याने आपण होऊन सांभाळला, आणि तो प्रत्येकाने टर्नरला आवर्जून सांगावा. लेथचे हत्यार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत छाटते, त्यामुळे पृष्ठभागावर स्क्रूच्या आट्यांसारखी अतिसूक्ष्म नागमोडी रेघ राहते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण आटे उलट्या दिशेचे पडले, तर फिरणारा तुंबा स्क्रूसारखा तेल बाहेर उपसतो. नवे सील, नवा पृष्ठभाग, आणि तरीही गळती! म्हणून शेवटी बारीक पॉलिश कागद एकाच जागी धरून, डावीउजवीकडे न सरकवता, गोलाकार घासायचा असतो.

परत बसवताना दोन गोष्टींना जपावे. सीलच्या ओठाला आणि तुंब्याला आधी तेल लावावे. कोरडा ओठ पहिल्या मिनिटातच भाजतो. दुसरी गोष्ट झाकणाची. पत्र्याचे झाकण काढले असेल, तर त्याचे बोल्ट प्रथम सैलच ठेवावे, पुली सीलमधून आत सरकवावी, दोन-चारदा फिरवून झाकणाला आपसूक मध्यावर येऊ द्यावे, आणि मगच बोल्ट आवळावे. झाकण आधी आवळले तर सील एका बाजूला दबते आणि दुसऱ्या बाजूला फाकते. दोनदा बदललेले सील गळण्याचे हेही एक कारण असू शकते. नंतर चावी, पुली, नवा वॉशर, नट. वॉशरची कड पुन्हा दुमडावी. पट्टा शक्यतो नवा घ्यावा, कारण तेल प्यालेला पट्टा धुऊन सुधारत नाही. तो इतका ताणावा की पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यास सुमारे अर्धा इंच खाली जावा. त्याहून ताणला तर पंपाच्या बेअरिंगचा जीव जातो.

माझी गाडी दीड रविवारात उभी राहिली आणि नूतनीकरणाच्या तपासणीला गेली. तपासनिसाने खाली वाकून पाहिले, पुढचा कोरडा भाग पाहून कागदावर खूण केली आणि इंजिनाऐवजी हॉर्नविषयी दोन प्रश्न विचारले. पुढची पाच वर्षे मिळाली.

नवा पट्टा पहिल्या शे-दोनशे किलोमीटरांत थोडा सैलावतो, तेव्हा त्याचा ताण पुन्हा पाहावा. त्या वेळी सीलखालूनही बोट फिरवावे. बोटाला किंचित ओल लागली तर गडबडून जाऊ नये. ओठ आणि पोलाद यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा असावाच लागतो, नाहीतर रबर जळते. रात्री गाडीखाली कोरा कागद पसरावा आणि सकाळी तो काढून पाहावा. ओल थेंबापर्यंत पोचली नसेल, तर पुली आपल्या जागी ठीक आहे.